एकदाच वाजवलेली तबकडी

माझा थोरला भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या जुन्या इमारती त्याच्या जिवावर वरखाली व्हायच्या, आणि आम्ही दोघं भावंडं मात्र बिनलिफ्टच्या घरात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो. या विनोदाला शेजारीपाजारी कंटाळले, दादा कधी कंटाळला नाही. कुणी नवा माणूस भेटला की तो स्वतःच हा विनोद सांगायचा आणि समोरचा हसला रे हसला की विचारायचा, "बरं, तुमच्याकडे जुन्या रेकॉर्डी आहेत का हो?" सगळा खटाटोप त्या प्रश्नासाठीच असायचा.

लिफ्टवाल्याला इमारतीची नाडी कळते. कोण बरेच दिवस खाली उतरलं नाही, कुणाच्या घरी डॉक्टरांची ये-जा वाढली, कुणाची मुलं परदेशातून येऊन कपाटं उघडून बघायला लागली, हे त्याला वॉचमनच्या आधी कळायचं. माणूस गेला की पोरं आधी दागिने शोधतात, मग घराची कागदपत्रं, आणि पुस्तकं-रेकॉर्डी भंगारवाल्याच्या गाडीवर जातात. दादाला त्या गाडीच्या आधी पोचायचं असायचं. एकदा एका संगीतमास्तरांच्या घरी भंगारवाला आधी पोचला. दादाने मशीनच्या खोलीत जाऊन फ्यूज काढला आणि खिशात टाकला. एवढं ओझं जिन्याने उतरवायचं म्हटल्यावर भंगारवाला शिव्या घालत निघून गेला, आणि हा वर जाऊन निवांत रेकॉर्डी चाळत बसला. त्या संध्याकाळी त्याच इमारतीतले हृदयाचं दुखणं असलेले एक आजोबा पायऱ्या चढून घरी गेले, दर मजल्यावर टेकत. हे सगळं दादानेच मला हसत हसत सांगितलं.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं.

"अगं, पण काय माल होता!"

माल म्हणजे काय, तर कुणालाही नको असलेली गाणी. प्रसिद्ध बँडचं नाव काढलं की दादा असं तोंड करायचा जसं काही चपलेखाली काहीतरी आलंय. त्याला हवी असायची ती साठच्या दशकातली पोरं, ज्यांनी केस वाढवले, गिटारच्या तारांमधून गुरगुर काढली, टेप उलटी फिरवली, ऑर्गनवर धूर सोडल्यासारखे सूर सोडले, एक रेकॉर्ड काढली, ती कुणी घेतली नाही, आणि मग एकजण विमा विकायला लागला, एकजण बुटांच्या दुकानात बसला आणि एकाला वेड लागलं. सायकेडेलिक म्हणतात त्याला. बँडची नावंही एकेक. जांभळ्या टाचा. अकरावं दार. गोगलगायींची संसद. जितकं अपयश मोठं तितका दादाचा जीव जास्त. मी म्हणायचे, तू चुकून यशस्वी माणसाचं गाणं ऐकलंस तर तुला ताप येईल.

हॉलमध्ये रेकॉर्डी, बोळात रेकॉर्डी, पलंगाखाली रेकॉर्डी. माझं शिवणयंत्र स्वयंपाकघरात सरकलं ते तिथेच राहिलं. शाळांचे गणवेश शिवते मी, तर कितीतरी पोरांच्या कॉलरना फोडणीचा वास लागला असेल. वहिनी होती तोवर तिनेही सोसलं. एक दिवस तिने विचारलं, घराला आग लागली तर आधी काय उचलाल? दादा विचार करायला लागला. खरंच विचार करायला लागला, कोणत्या फळीवरचं आधी, म्हणून. वहिनी माहेरी गेली ती परत आली नाही. मी विधवा होऊन आले होते, मी राहिले. आमच्या घरात बायकांची जागा अशी आपोआप भरून निघाली.

आता त्या तबकडीचं सांगते, कारण माझा भाऊ कोण होता ते तिच्यावाचून कळणार नाही.

एका जुन्या इमारतीच्या तळघरात पूर्वी गाणी रेकॉर्ड करायची खोली होती. मालक मेला, खोली वर्षानुवर्षं बंद. लिफ्टची नवी वायर टाकताना दादाला तिथे शिरायला मिळालं आणि एका फळीमागे एक तपकिरी पाकीट सापडलं. आत काळी तबकडी, पाकिटावर हाताने लिहिलेलं नाव. राखेचे मासे. हे नाव दादाने जुन्या लोकांकडून ऐकलं होतं. रंगाच्या कारखान्याजवळच्या वस्तीतली चार पोरं, एकच गाणं रेकॉर्ड केलं, कंपनीने नको म्हटलं. थोड्याच दिवसांत गाणारा पोरगा मोटरसायकलवरून पडून मेला आणि बाकीचे पांगले. रेकॉर्डी छापण्याआधी नमुना म्हणून एक तबकडी कापतात, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा काळा थर देऊन. तीच ही. जगात एकच.

दादाने ती एकदा वाजवली. रविवारची दुपार होती, मी स्वयंपाकघरात बाह्या कापत होते, म्हणून माझ्याही कानावर पडली. इंग्रजीतच होतं गाणं. तेव्हा सगळी पोरं इंग्रजीतच गायची आणि निम्म्यांना आपण काय गातोय ते कळत नसे. आवाज जाड, खालचा. पोरगा विशीतला, पण गळा बापाचा. मी कात्री खाली ठेवली एवढं मला आठवतं, आणि मी गाण्यांसाठी कात्री खाली ठेवणारी बाई नव्हे.

गाणं संपल्यावर दादाने सुई उचलली आणि भिंगाखाली धरली. टोकाला काळी भुकटी लागली होती. ही तबकडी साध्या रेकॉर्डसारखी टणक नसते, मऊ असते. दर वेळी सुई थोडं गाणं खाते. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "संपलं," तो म्हणाला. "आता ही वाजवायची नाही."

"मग टेप करून ठेव ना."

"टेप केली की गेली. आज तुझ्याकडे, उद्या मित्रांकडे, परवा जगभर. मग माझ्याकडे काय राहिलं?"

त्याने ते पाकीट जाड, मऊ, चकचकीत प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घातलं, टेबलावर अंथरतात तसल्या प्लॅस्टिकच्या. मग माझी इस्त्री मागितली, मध्ये कागद धरून चारी कडा वितळवून चिकटवल्या, पाण्याचा थेंब नाही की हवेचा कण नाही. इस्त्रीला काळा डाग पडला, तो आजही आहे.

त्यानंतर कित्येक वर्षं दर रविवारी त्याचे दोन मित्र यायचे. एक निवृत्त औषधवाले, दुसरा बसमध्ये तिकीट तपासणारा. त्याला आम्ही तिकीटच म्हणायचो. दोघंही याच वेडाचे. नव्या मिळालेल्या रेकॉर्डी वाजवायच्या, एकमेकांच्या मालात खोट काढायची, आणि शेवटी हात साबणाने धुऊन यायचं. मग दादा कुलपातून ते प्लॅस्टिक काढायचा आणि तिघं त्याच्याकडे बघायचे. काय बघायचे? तपकिरी पाकीट! तबकडी आत, दिसत नाही, वाजत नाही. मी चहा ठेवायला गेले की मला हसू यायचं. "झालं का दर्शन?" मी विचारायचे. तिघंही रागावायचे. पण खरं सांगायचं तर दादाचा सगळा मान त्या पाकिटात होता. दिवसभर ग्रीसने माखलेले हात घेऊन तो लोकांची बोलणी खायचा, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की त्याच्या नावाने बोटं मोडली जायची. रविवारी मात्र दोन माणसं त्याच्यासमोर हात धुऊन बसायची.

मग टेलिफोनमावशी आल्या.

तिकीट दवाखान्याच्या रांगेत बसून बढाया मारत होता, लिफ्टवाल्याकडे राखेच्या माशांची तबकडी आहे म्हणून. शेजारी त्या बसल्या होत्या. पत्ता विचारून दुसऱ्याच दिवशी आल्या. दार उघडलं तर सत्तरी उलटलेली, बारीक, नीटनेटकी बाई कठड्याला धरून उभी. बराच वेळ बोलताच येईना. मी पाणी दिलं.

"तुमच्याकडे माझ्या भावाचं गाणं आहे म्हणे," त्या म्हणाल्या.

आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली बाई. धाकटा भाऊ तिच्याहून बराच लहान, अंगाखांद्यावर वाढवलेला. त्याने गिटार आणली तेव्हा वडिलांनी ती जिन्यावरून खाली फेकली. "मीही म्हटलं होतं, घरात हे नको म्हणून," त्या म्हणाल्या. "मग तो घरी गायलाच नाही कधी. बाहेरच काय ते. गेला तेव्हा वडिलांनी त्याचे फोटोसुद्धा ठेवले नाहीत. आवाज मात्र माझ्या कानात आहे. जाड होता, वडिलांसारखा. एक्स्चेंजला फोन करायचा तर मला वाटायचं वडीलच बोलतायत. पण गाताना कसा होता ते मला माहीत नाही हो. मी एकदाही ऐकलं नाही."

दादा जमिनीकडे बघत बसला होता.

"एकदाच ऐकवा. परत तोंड दाखवणार नाही."

"वाजवायला खास सुई लागते," दादा म्हणाला. "मागवावी लागेल."

सुई त्याच्या कपाटात होती. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

त्या पुन्हा आल्या. सुई यायची होती. पुन्हा आल्या. सुई आली होती पण चुकीची होती. मग प्लेअर बिघडला. लोकांना "आज होत नाही, पार्ट मागवलाय" म्हणायची त्याला धंद्यातली सवय होतीच, तीच त्याने या बाईवर चालवली. दर वेळी त्या एवढे जिने चढून यायच्या, माझ्या हातचा चहा घ्यायच्या, "असू दे, घाई नाही," म्हणायच्या आणि उतरायच्या. घाई होती. त्यांच्या पिशवीत दवाखान्याचे मोठे मोठे एक्स-रे असायचे आणि ओठ दर खेपेला जास्त निळे दिसायचे.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "ती तुझी तबकडी मागत नाहीये," मी एकदा ओरडले. "स्वतःचा भाऊ मागतेय!"

"भाऊ मेला," दादा म्हणाला. "तबकडी आहे अजून. सुई लावली की तीही थोडी मरेल."

"मग ठेव छातीशी धरून! उद्या तू मेलास तर हेच भंगारवाल्याच्या गाडीवर टाकीन मी!"

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या ते लक्षात आलं नाही, हे सगळ्यात वाईट.

पुढच्या खेपेला त्या अर्ध्या जिन्यातच बसल्या. दादा कामावरून येत होता, त्याला त्या पायरीवर भिंतीला टेकलेल्या दिसल्या. त्याने हाताला धरून वर आणलं. जिन्याने चढणारा आजारी माणूस त्याने पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितला असावा. श्वास जागेवर आल्यावर त्या म्हणाल्या, "तुमची अडचण मला कळतेय. नका वाजवू. नुसती बघू द्या."

दादाने कुलूप काढलं. हात धुवायला सांगायचंही त्याला सुचलं नाही. त्यांनी ते प्लॅस्टिक मांडीवर घेतलं, चष्मा वर केला, आणि पाकिटावरच्या नावावरून प्लॅस्टिकवरूनच बोट फिरवलं.

"हे त्याचंच अक्षर," त्या म्हणाल्या. "शेवटचं अक्षर असं खाली ओढायचा. मीच छड्या मारल्यात त्याला यावरून."

तीन जाणत्या पुरुषांनी इतकी वर्षं त्या अक्षराकडे डोळे लावले होते आणि ते कुणाचं आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं.  दादा त्यांना खाली रिक्षापर्यंत पोचवून आला. वर येऊन म्हणाला, "रविवारी बोलावलंय. वाजवतो."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

रविवारी मित्रांना येऊ नका म्हणून सांगितलं. दादाने सकाळपासून प्लेअर पुसला, सुईचं वजन पुन्हा पुन्हा तपासलं. खुर्ची कुठे ठेवायची यावर आमचं भांडणही झालं. त्यांची यायची वेळ होत आली तेव्हा त्याने माझी कात्री मागितली आणि प्लॅस्टिकची कड कापली.

पहिल्यांदा वास आला. आंबूस, खराब झालेल्या तेलासारखा. पाकीट ओलसर होतं आणि तबकडीला चिकटलं होतं. दादाने ते हलक्या हाताने सोडवलं. आत तबकडी पांढरी पडली होती, लोण्याचा हात फिरवल्यासारखी, आणि त्या पांढऱ्याखाली सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा. त्याने मऊ फडक्याने जरा पुसलं तर काळा थर सोलून निघाला आणि खाली पत्रा चमकला. एक तुकडा त्याच्या मांडीवर पडला. तो त्याने उचलला आणि अंगठ्याने परत जागेवर दाबायला लागला. मी बघत होते. दाबत होता, आणि शेजारचा तुकडा सुटत होता.

"हवा लागू दिली नाही गं मी," तो म्हणाला. "जरासुद्धा हवा लागू दिली नाही."

औषधवाल्यांनी नंतर मला सांगितलं की तेच चुकलं. त्या थरातून वर्षानुवर्षं आम्ल झिरपतं. मोकळं ठेवलं असतं तर उडून गेलं असतं. आतल्या आत कोंडलं, वर ते मऊ प्लॅस्टिकही घाम सोडणारं, आणि तबकडी स्वतःलाच खात गेली. ते तिघं दर रविवारी हात धुऊन जे बघत होते ते केव्हाच संपलेलं होतं. दर आठवड्याला एकदा वाजवली असती तरी इतकी मेली नसती, असंही ते म्हणाले. ते दादाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

जिन्यात पावलं वाजली. दोन पायऱ्या, मग थांबणं. पुन्हा दोन पायऱ्या.  दादा उठला, फळीपाशी गेला, बोटं रेकॉर्डींच्या कडांवरून फिरली आणि एक रेकॉर्ड त्याने ओढून काढली. गोगलगायींची संसद. त्याच काळातली, दुसऱ्याच कुठल्या शहरातली पोरं. कव्हर त्याने गादीखाली सरकवलं.

"दादा, नको," मी म्हटलं.

"मग काय दाखवू तिला? हे?"

तुकडे त्याने पाकिटात भरले, पाकीट कुलपात. रेकॉर्ड प्लेअरवर. बेल वाजली. दार मी उघडलं. मी नसतं उघडलं तरी त्याने उघडलं असतं.

त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. खुर्चीत बसल्या, डावा कान पुढे केला. उजवा एक्स्चेंजने खाल्ला होता. दादाने सुई टेकवली. आधी ऑर्गन, मग ढोल, मग एका पोराचा आवाज, उंच, बारीक, नाकातून येणारा. मी मावशींच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांची भुवई जराशी वर गेली. हा तो नव्हे हे ओळखलं, मला वाटलं. ओळखलं असतं तर फार बरं झालं असतं.

गाणं संपलं. दादाने सुई उचलली.

"बारीक आहे आवाज," त्या म्हणाल्या.

दादा फडक्याने सुई पुसायला लागला.

"यंत्रातून तसाच येतो," त्याच पुढे म्हणाल्या. "मला काय सांगायचं, जन्म गेला त्यात. धिप्पाड माणसं फोनवर चिमणीसारखी बोलतात. पुन्हा लावता?"

दादाने पुन्हा लावलं. यावेळी त्यांनी डोळे मिटले, आणि गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेवट झाल्यावर त्या हसल्या. "माझ्या डोक्यात उगीच जाड आवाज बसला होता. वडिलांचाच असेल तो. इतकी वर्षं झाली, दोघांची गल्लत केली मी. असाच होता. आता बरोबर आठवला. असाच बोलायचा तो."

मी दादाकडे बघितलं.  त्या बाईला जे इतकी वर्षं नीट आठवत होतं तेवढं तिने आमच्यासमोर, आमच्या खुर्चीत बसून पुसून टाकलं, आणि आमचे आभार मानले. जाताना चाचरत म्हणाल्या, "टेप करून द्याल का? तुम्ही कुणाला देत नाही हे ऐकलंय मी."

"देतो," दादा म्हणाला. "तुम्हाला देतो."

त्याने लगेच करून दिली. त्यांच्याकडचा जुना टेपरेकॉर्डर टेप गिळायचा, म्हणून मग आणखी एक, मग आणखी एक. दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत ते गाणं आमच्या घरात वाजायचं. मी शिवताना नकळत पायाने त्याचा ठेका धरायला लागले आणि जीभ चावली.

दादाचं जेवण कमी झालं. मित्रांना त्याने काहीच सांगितलं नाही, फक्त पाकीट दाखवणं बंद केलं. औषधवाल्यांना मीच सांगितलं, घरातून तो वास जाईना म्हणून. एकदा दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टच्या छतावर तो नुसता बसून राहिला. आतली माणसं ओरडत होती, आणि हा हातात पाना धरून बसलेला. नोकरी गेली नाही, पण त्याला एकटं पाठवणं बंद झालं.

मावशी इस्पितळात आहेत असं तिकिटाने सांगितलं तेव्हा दादा कपडे बदलून उभा राहिला. "खरं सांगून टाकतो," तो म्हणाला. "गाणं माझ्या डोक्यात आहे. मी गुणगुणून दाखवीन. मला गाता येत नाही, पण चाल तरी खरी असेल. जाड आवाज खरा होता एवढं तरी तिला कळू दे."

मी म्हटलं, चल. मला त्याचा फार अभिमान वाटला, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

इस्पितळाच्या लांब खोलीत त्यांचा पलंग खिडकीशी होता. नाकाला नळी, हात काटकीसारखे. आम्हाला बघून चेहरा उजळला. उशीशी टेपरेकॉर्डर होता. पाणी बदलायला आलेल्या नर्सला त्यांनी थांबवलं. "हेच ते," त्या म्हणाल्या, "यांनी माझा भाऊ सांभाळून ठेवला."

"हो का?" नर्स हसली. "रोज ऐकवतात हो आजी. आम्हाला पाठ झालंय. पलीकडच्या आजीसुद्धा म्हणतात."

दादा पलंगाच्या कडेला बसला. "मावशी, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या गाण्याबद्दल."

"सांग ना." पहिल्यांदाच त्या त्याला एकेरी बोलल्या. पण त्यांना धीर नव्हता. त्यांनी त्याचा हात धरला आणि स्वतःच गायला लागल्या, श्वास पुरेल तेवढं, त्या बारीक नाकातल्या पोराची चाल. मान डोलवून त्याला खुणावलं, तूही म्हण. माझ्या भावाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. तो त्यांच्याबरोबर तेच गाणं म्हणायला लागला. बेसूर, खालच्या आवाजात, शेवटपर्यंत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. त्यांच्या भाचीने टेप त्यांच्याबरोबरच ठेवली म्हणे.

त्या दिवशी इस्पितळातून परत येताना आम्ही बसमध्ये शेजारी शेजारी बसलो होतो. दादा खिडकीबाहेर बघत होता, ओठ हलत होते. थोडं पुटपुटायचा, थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा सुरू करायचा. मी ओळखलं, खरं गाणं शोधतोय. दर वेळी तोंडातून गोगलगायींचंच निघत होतं.

"तुला आठवतं का गं?" तो म्हणाला. "तू होतीस ना तेव्हा स्वयंपाकघरात. सुरुवात कशी होती?"

मी डोळे मिटले. कात्री आठवली, निळं कापड आठवलं, दुपार आठवली. गाण्याच्या जागी मला ऑर्गन ऐकू आला, तो दुसराच.

"खोकला होता तो," मी म्हटलं. "सुरू करायच्या आधी जरासा खोकला होता."

"हो," दादा म्हणाला. "खोकला होता. मग?"

मग काय ते मला आठवेना. आमचा थांबा आला तरी तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि शेवटी मीच त्याला हाताला धरून उतरवलं.